कुरुंदाचं चाक

"अवो, पाहा बरं हे काय झालं," असं म्हणत विमलबाईंनी पातेलं पुढे धरलं, तेव्हा अर्जुनरावांचा एक पाय बुटात होता आणि दुसरा नुसत्या मोज्यात. कॉलेजात परीक्षा चालू होत्या आणि सकाळच्या पेपरला देखरेखीवर त्यांचं नाव होतं. पातेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं. गंजाची, म्हणजे नेहमीच्या पितळी भांड्याची, कल्हई उडाली म्हणून बाईंनी पापडाचा खार या पातेल्यात उकळला होता आणि निवायला ठेवून विसरून गेल्या होत्या. आता त्याचं बूड कोळशासारखं काळं पडलं होतं. "किती घासलं तरी जाईना. उलटं हाताले खरखर लागून राह्यलं," बाई म्हणाल्या. अर्जुनरावांनी सहज आत बोट फिरवलं. बोटाला बारीक बारीक खळगे लागले, देवीचे वण असतात तसे. त्यांनी पातेलं खिडकीकडे धरलं तर बुडातून सुईच्या टोकाएवढा उजेड आत आला. "खार कुठला आणलास?" "कुठला म्हणजे? लोणारचा. बाजारात तोच तं भेटते." बाई पातेलं घेऊन मोरीकडे वळल्या. अर्जुनराव मात्र दुसरा बूट हातात धरून तसेच बसून राहिले. लोणार हा शब्द त्यांच्या पोटात कुठेतरी खोल जाऊन पडला होता आणि त्याचा आवाज वर यायला वेळ लागत होता.

हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? दर वर्षी जुलैत पहिल्या वर्षाच्या वर्गापुढे ते परीक्षानळीत ॲल्युमिनियमचा तुकडा टाकत, वर दाहक सोड्याचं पाणी ओतत, आणि तुकडा फसफसू लागला की जळती काडी नळीच्या तोंडाशी नेत. फट् असा आवाज होई, मुली दचकत, मागच्या बाकावरची पोरं हसत. हायड्रोजन, ते फळ्यावर लिहीत. धातू आम्लात विरघळतो तसा क्षारातही विरघळतो, लक्षात ठेवा, परीक्षेत येतं. इतकी वर्षं ते हे सांगत आले आणि पोरांनी ते लक्षात ठेवलं. आता हात धुवायला उठताना त्यांना वाटलं, की आपल्याला मात्र ते फक्त परीक्षेत यायचं म्हणूनच ठाऊक होतं. माणसाचं ज्ञान असं खोल्याखोल्यांत कोंडलेलं असतं आणि एका खोलीतला माणूस दुसऱ्या खोलीतल्याला कधी हाक मारत नाही.

चाकाची कल्पना त्यांचीच होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, जिल्हाभर विहिरी खोदणं चालू होतं आणि जिकडे तिकडे याऱ्या उभ्या राहत होत्या. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर बसवलेला लोखंडी हात. त्याच्या टोकाला एक चाक, चाकावरून तारेचा दोर, दोराला लोखंडी डोल. दोन माणसं काठावर दांडा फिरवतात आणि डोलातून दगड वर येतो, माणसं वरखाली होतात. सगळा भार त्या टोकावरच्या चाकावर. बिडाची चाकं मिळेनाशी झाली होती, आणि साध्या ॲल्युमिनियमचं ओतलं तर तारेचा दोर आठवड्यात त्यात करवतीसारखी खाच पाडी. बाजाराच्या मागे रज्जाकची ओतकामाची भट्टी होती. मोटारींचे जुने पिस्टन वितळवून तो पुल्या, पंखे, झाकणं ओतायचा. अर्जुनराव त्याच्याकडे प्रयोगशाळेचा स्टॅंड दुरुस्त करायला गेले आणि तिथेच रमले. कुठल्याशा परदेशी नियतकालिकात त्यांनी वाचलं होतं, की वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये दगडासारख्या कठीण पदार्थाची पूड मिसळली तर धातू झिजत नाही. कापसाच्या जिनातल्या धार लावायच्या यंत्राची फुटकी चाकं, म्हणजे शुद्ध कुरुंद, त्यांनी खलबत्त्यात कुटली, मलमलीतून गाळली, तव्यावर लाल होईस्तोवर भाजली आणि वितळलेल्या धातूच्या मुशीत टाकली. पूड धातूत शिरेचना. दुधावर साय यावी तशी वरच तरंगत राही, ढवळली की बाहेर थुंकली जाई. कितीतरी रविवार असे गेले. मग एके दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतली मॅग्नेशियमची फीत खिशात घालून आणली, तिचे तुकडे मुशीत दाबले, आणि कुरुंद धातूने पाण्यासारखा पिऊन टाकला. रज्जाकने सळई बाहेर काढून पाहिली आणि नुसतं "या अल्ला" म्हणाला. त्या क्षणाचा आनंद अर्जुनरावांना लग्नात झाला नव्हता, थोरला झाला तेव्हाही झाला नव्हता, आणि ही गोष्ट ते कोणाला सांगू शकत नव्हते.

त्या सकाळी ते कॉलेजला गेले नाहीत. पायांनीच त्यांना बाजारामागे नेलं. रज्जाक मूस भट्टीवर चढवून बसला होता, बाजूला रेतीचे साचे तयार होते. अर्जुनराव आत गेले, आपल्याच एका मोडक्या चाकाचा तुकडा उचलला, येताना वाण्याकडून पुडीत बांधून आणलेला खार डब्यातल्या पाण्यात टाकला, डबा भट्टीच्या कडेला ठेवला. पाणी तापलं तसा तुकड्याभोवती बुडबुड्यांचा दाट फेस जमला. रज्जाक वाकून पाहू लागला.

"सर, हे तर शिजून राह्यलं."

अर्जुनरावांनी चिमट्याने तुकडा काढला आणि अंगठ्याने चोळला. करडी रेती हातावर आली. कुरुंदाचे कण जसेच्या तसे होते, त्यांना धरून ठेवणारा धातू मात्र गेला होता. भिंतीतली माती पाण्याने वाहून जावी आणि दगड एकमेकांवर नुसते टेकून उभे राहावेत, तसं.

"पुंजाजी यारीवाल्यानं चाक नेलं ते लोणारकडे ना?"

"हाव. सरोवराच्या अंगालेच विहीर हाय त्याची. मागच्या बाजारी आला होता. म्हने, पानी असं खारं की बाईनं भात टाकला तं पिवळा झाला." रज्जाकने पुन्हा डब्यात वाकून पाहिलं. मग त्याने मान हलवली. "पन सर, यारीचं चाक कोन खारात उकळून राह्यलं? ते तं वर हवेत असते."

"दोर ओला असतो रज्जाकभाई. दिवसभर खारं पाणी चाकावर गळतं. उन्हात वाळतं, पुन्हा भिजतं."

"चाक घासलं नाही, तुटलं नाही, लोक तारीफ करून राह्यले. तुमीच म्हन्ले होते, दहा वर्सं हालत नाही म्हनून. तुमच्या शबदावर मी ओतलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आज ओतू नको," अर्जुनराव म्हणाले.

"मूस तापली हाय, सर."

"तापू दे."

लोणारला जायला बुलढाण्याहून मेहकरच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. घाटावरची जमीन पळत होती, सगळी एका रंगाची, भाजलेल्या भाकरीसारखी. अधूनमधून रस्त्याच्या कामावरची माणसं खडी फोडताना दिसत. आणि कुठल्याशा शेतात, लांब, एखादी यारी उभी असे, वाकलेल्या मानेच्या पक्ष्यासारखी, पाण्यात टक लावून बसलेली. पूर्वी यारी दिसली की ते टोकाकडे पाहत, आपलं चाक आहे का म्हणून. चाक पांढुरकं चमकलं की आत काहीतरी गोड हलायचं. आज प्रत्येक चमक डोळ्यांत खुपत होती. त्यांना आठवलं, पूड जास्त झालेलं पहिलं चाक रज्जाकच्या हातून फरशीवर पडलं होतं आणि बशीसारखं दुभंगलं होतं. साधं ॲल्युमिनियम वाकतं, चेपतं, आपल्याला दुखतंय हे सांगतं. हे मात्र शेवटपर्यंत काही सांगत नव्हतं. तेव्हा त्यांना ते आवडलं होतं. मोडेन पण वाकणार नाही, असं ते हसत म्हणाले होते आणि रज्जाक कौतुकाने हसला होता. मग त्यांनी चाकाला लोखंडी ऐरण टांगली, पोत्यांत रेती भरून टांगली, पट्ट्यावर दिवस दिवस फिरवलं. चाक नुसतं उजळत गेलं. त्यांना वाटलं, सगळं तपासलं. ताण तपासला, झीज तपासली. पाणी कोणाच्या मनात आलं नाही. पाण्याचा दुष्काळ होता ना. गाडी खड्ड्यात आदळली आणि शेजारच्या बाईच्या मांडीवरलं मूल रडायला लागलं. अर्जुनरावांनी दचकून दोन्ही हातांनी पुढची दांडी घट्ट धरली, जणू तीच सुटून खाली जाणार होती.

विहीर गावाबाहेर, सरोवराच्या काठाच्या वरच्या अंगाला होती. वाऱ्यावर कुजकट, सोड्यासारखा वास येत होता. पुंजाजी दांड्यावर होता, उघडा, पाठीवर घामाचे ओघळ. त्याने अर्जुनरावांना पाहिलं आणि काळ्या चेहऱ्यावर सगळे दात दिसले.

"या या, मास्तर! इकडं कसं येनं केलं? पाहा तुमचं चाक. लोन्यावानी फिरून राह्यलं. घासाचं नाव नाही."

अर्जुनरावांनी वर पाहिलं. चाक चांदीसारखं लखलखत होतं. खाच नाही, डाग नाही. फक्त आसाजवळ, दोर पोहोचत नाही तिथे, पांढरी भुकटी साचली होती, पिठाच्या गिरणीतल्या तुळईवर असते तशी.

"पुंजाजी, यारी थांबव. चाक खराब झालंय."

"कुठी खराब झालं?"

"आतून."

पुंजाजीने त्यांच्याकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग जोडीदाराकडे. "आतून तुमाले बुल्ढान्यात कसं दिसलं?"

यावर काय सांगायचं? परीक्षानळी, फेस, जळती काडी. काठावर जमलेली माणसं त्यांच्या शहरी बुटांकडे पाहत होती. "खाली कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"तानुबाई हाय, माह्यी बायको. अन दोघं गडी. दगड भरून राह्यले."

"त्यांना वर घे. पण यारीनं नको."

"मंग कशानं? पंख लावू?" कोणीतरी हसलं.

अर्जुनराव विहिरीच्या कडेवर ओणवे झाले. पायऱ्या नव्हत्या, कडे सरळ कापलेले. खाली, फार खाली, काळसर पाण्याच्या डबक्यात तीन डोकी हलत होती. एका डोक्यावर हिरवा पदर होता. त्यांच्या बरोबर मधोमध, वर, दोर लोंबत होता आणि डोल हलकेच झुलत होता. तेव्हा त्यांना नीट कळलं, की खालच्यांना वाचवायची जी वाट आहे तीच त्यांना मारायचीही आहे. चाक तपासायचं तर भार घालायला हवा, आणि भार घातला तर तो यांच्याच डोक्यावर येणार.  ते कडेवरच बसले आणि भलत्याच आवाजात ओरडले, "पुंजाजी, मी पाया पडतो तुझ्या. जाड दोर बांध त्यांच्या कंबरेला. हातांनी ओढू. मीही ओढतो."

पाया पडतो हा शब्द मास्तरच्या तोंडून ऐकून पुंजाजीचं हसू गेलं. तो दांडा अडकवून आला. "मास्तर, तुमी खरंच भेले," तो हळू म्हणाला. मग त्याने बैलगाडीचे दोर आणवले, एकाला एक गाठले, कडेला लाकडाचा ओंडका आडवा टाकला. आधी तानुबाईला घेतलं. ती वर येताना कड्याला आपटत होती आणि शिव्या देत होती, नवऱ्याला, मास्तरला, दुष्काळाला. अर्जुनराव ओढणाऱ्यांत शेवटी होते. दोराने त्यांचे तळवे सोलले, पण त्या जळजळीत एक आधार होता. इथे काय होतंय ते हाताला कळत होतं. तानुबाई काठावर आली, कोपराचं रक्त पदराने पुसलं आणि म्हणाली, "मले काऊन असं मेंढीवानी ओढलं? यारी मेली का?" मागून दोघं गडीही आले. विहीर रिकामी झाली.

"आता भरा दगड," अर्जुनराव म्हणाले.

"दगड खाली हायत," पुंजाजी म्हणाला, पण त्याने ऐकलं. वरचे दगड डोलात भरून डोल विहिरीच्या तोंडावर टांगला, थोडा खाली सोडला, पुन्हा ओढला. चाक फिरलं. आवाज नाही. आणखी दगड. पुन्हा खाली, पुन्हा वर. मग डोल काठोकाठ भरला, एवढा की तीन माणसांचाही तेवढा भार झाला नसता. चाक फिरत राहिलं, उन्हात लखलखत, निवांत. माणसं आता उघड हसू लागली होती. तानुबाई म्हणाली, "फुकट माह्यं कोपर फोडलं." आणि अर्जुनरावांना स्वतःची शरम वाटली, पण त्या शरमेच्या खाली, चोरासारखं, दुसरंच काही जागं झालं. टिकलं. आपलं चाक टिकलं. पातेल्याची गोष्ट वेगळी, इथे कुरुंद आहे, इथे आपली फीत आहे.  रज्जाकला सांगायला हवं, मूस चढव म्हणावं. एक गडी धोतर खोचून डोलाकडे निघाला होता. "उतरू का, मास्तर?" त्याने विचारलं. आणि अर्जुनराव हो म्हणणारच होते. शब्द जिभेवर आला होता. तो का अडला हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. धैर्य नव्हतं ते, शहाणपणही नव्हतं. कदाचित आपण किती सहज हो म्हणतोय याचीच त्यांना भीती वाटली. ते म्हणाले, "एकदा अजून."

पुंजाजीने कंटाळून दांडा फिरवला. डोल अर्धा वर आला असेल. कट्, असा लहानसा आवाज झाला, सुपारी फुटावी तेवढाच. चाक होतं तिथे नव्हतं. दोर आसावर आदळला, डोल खाली सुटला आणि दांडा पुंजाजीच्या हातातून निसटून भिंगरीसारखा उलटा फिरला. मग विहिरीतून आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला. धुरळा वर आला आणि उन्हात स्थिर उभा राहिला. तानुबाई जिथे होती तिथेच खाली बसली. तिने विहिरीकडे पाहिलं नाही, आपल्या हातांकडे पाहिलं, उलटसुलट करून. डोलाकडे निघालेला गडी मागे सरकत सरकत बांधापर्यंत गेला.

पुंजाजीचा हात मनगटाच्या वर वाकडा झाला होता. तो ओरडला नाही. दात आवळून त्याने तो दुसऱ्या हाताने छातीशी धरला आणि पायाशी पडलेल्या चाकाच्या तुकड्याकडे पाहिलं. बाहेरून चांदी, आत राखेसारखी करडी भुकटी. त्याने अंगठ्याने तुकडा दाबला, कड सुटून आली.

"निवृत्तीकडंबी हेच हाय," तो म्हणाला. "माह्या भावाकडं. म्याच घेऊन देल्लं त्याले."

"कुठे?"

"मेहकरच्या अलीकडं. नदीच्या अंगाले." मग पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. "पळा ना मास्तर! उभे काऊन राह्यले?"

खडीच्या ट्रकमध्ये, ड्रायव्हरशेजारी, पुंजाजी हात छातीशी धरून आणि अर्जुनराव मांडीवर विहिरीवरचा हातोडा घेऊन बसले. पुंजाजी दवाखान्यात आधी जायला तयार नव्हता. तो हात पुढे वाकडाच बसला आणि त्याने पुन्हा यारीचा दांडा धरला नाही. रज्जाकने साचे मोडले. तो आणि अर्जुनराव उन्हाळाभर धाड, मोताळा, चिखलीच्या बाजारांत यारीवाल्यांना विचारत हिंडले. काही चाकं सापडली, काहींचा माग लागलाच नाही. पण ट्रकमध्ये हे काहीच ठाऊक नव्हतं. तिथे फक्त रस्ता होता, आणि पुंजाजीच्या तोंडून दर खड्ड्याला निघणारं कण्हणं. एकदा तो म्हणाला, "तुमी आले नसते तं?"  आपले आभार मानले जातायत की काय, या कल्पनेनेच अर्जुनराव अंग चोरून बसले. पण पुंजाजी पुढे म्हणाला, "तुमी चाक केलंच नसतं तं?" आणि तोंड फिरवून बाहेर पाहू लागला.

निवृत्तीची यारी चालू होती. लांबूनच चाक चमकलं. खाली माणसं होती. पुंजाजी ट्रकमधूनच ओरडत सुटला, आणि भावाचा हात पाहून निवृत्तीने लगेच दांडा थांबवला. पुन्हा दोर, पुन्हा ओंडका. सगळे वर आल्यावर त्याने चाक उतरवून अर्जुनरावांपुढे सपाट दगडावर ठेवलं.

त्यांनी हातोडा घातला. चाक टणकन उडालं. पुन्हा घातला. कडेची कपची निघाली, एवढंच. त्यांनी दोन्ही सोललेल्या हातांनी दांडा धरून पुरता जोर लावला, तसा दगडाला तडा गेला. चाक तसंच.

"इथलं पानी गोड हाय, सर," निवृत्ती म्हणाला. तो हातोड्याचा दांडा धरायला पुढे झाला होता. "चांगलं हाय ते. नका फोडू."

अर्जुनराव उकिडवे बसले. कपची निघाली होती तिथे धातू दाट, निरोगी होता, आणि त्यात कुरुंदाचे कण एकसारखे विखुरलेले, उन्हात बारीक चमकत होते. असंच करायचं होतं त्यांना. रज्जाकच्या भट्टीशी घालवलेल्या सगळ्या रविवारी त्यांनी हेच डोळ्यांपुढे पाहिलं होतं. लोणारच्या काठावर दुपारी पाहिलेलं चाकही वरून असंच होतं, तंतोतंत असंच.

"इथून पुढं कुठे खोदणार?" त्यांनी विचारलं.

निवृत्तीने हात वर करून सगळ्या बाजू दाखवल्या. "जिथं बोलावतीन तथी."

"सरका," अर्जुनराव म्हणाले, आणि त्यांनी हातोडा पुन्हा उचलला.